तिच्या नावाची ओळ

टेलिफोनची वळलेली वायर बोटाभोवती इतकी आवळली गेली होती की बोटाचं टोक पांढरं पडलं होतं, आणि वर कॉम्प्युटरच्या खोलीत बसलेला त्रिविक्रम त्या टोकाकडेच बघत ऐकत होता. खालून, रक्तपेढीच्या काउंटरवरून, देवाप्पा सांगत होता – एबी निगेटिव्हची एकच पिशवी आहे, पेशंट ऑपरेशनच्या टेबलावर आहे, आणि कॉम्प्युटर चिठ्ठी छापत नाही. चिठ्ठीशिवाय पिशवी द्यायची नाही.

पिशवी साठ्यातून वजा करायची आणि पेशंटच्या नावावर चढवायची – दोन्ही व्हायला हवं, नाहीतर एकही नको. मध्येच चूक झाली तर प्रोग्रामने आधी सगळं मागे फिरवावं, मग निरोप दाखवावा. हा प्रोग्राम आधी निरोप दाखवतो, 'कोणतीही कळ दाबा' म्हणतो, आणि कळ दाबेपर्यंत पिशवी ना दिलेली, ना परत ठेवलेली, तिची नोंद बाकी सगळ्यांना बंद...

ती नोंद कोण अडवून बसलंय ते त्याने पडद्यावर मागवलं. एकच ओळ आली. वसुमती.

श्रावणात गेली ती. याच पेढीत नोंदी करायची. मल्लेश्वरमहून एकाच बसने यायचो आम्ही, ती खिडकीशी, मी... तिचं नाव यंत्रातून काढायचं काम माझंच होतं.

"तिच्या नावानं कोण बसलं होतं?"

"सगळेच बसतो की, अण्णा. अक्कांचा पासवर्ड सगळ्यांना पाठ हाय." देवाप्पा म्हणाला. "निरोप आला आन् लाइट गेली. ते टर्मिनल परत चालूच होईना, कळ दाबायची कुठं? तुम्हीच वरनं करा कायतरी. स्वल्प लवकर."

वरून करण्यासारखं एकच होतं – त्या ओळीचं अडकलेलं काम जबरदस्तीने तोडणं. ती आज्ञा इंग्रजीत होती, आणि तिच्यात मारण्याचा शब्द, 'किल', सरळ लिहावा लागे. एरवी तो चहा पिता पिता लिहायचा, कुणाच्याही नावापुढे. श्रावणात हॉस्पिटलात डॉक्टरांनी नवरा म्हणून त्यालाच विचारलं होतं, तिचं मशीन काढायचं का – आणि तो इतका वेळ गप्प राहिला, की उत्तराची गरजच उरली नाही.

"अण्णा?"

त्याने लिहिलं. एंटर दाबलं.

फोनमधून प्रिंटरची करकर ऐकू आली. देवाप्पा 'सरी, झालं' म्हणाला आणि पळाला. पडद्यावर ओळ मात्र तशीच होती, फक्त तिच्यापुढे 'मारले' अशी खूण आली होती. यंत्र असं नाव काही वेळ ठेवतं, त्याला माहीत होतं. तो बघत राहिला. मग तिच्याखाली आणखी एक ओळ उमटली – वसुमती, नुकतीच आलेली, चालू.

खाली कोणीतरी पुन्हा तिच्या नावानं बसलं असेल... त्याने रिसीव्हर ठेवला. हात आपोआप कळांवर परत गेले होते. पुन्हा अडलं तर तोच शब्द लिहिताना आपण विचारही करणार नाही, हे त्याला कळलं. आणि आपल्यातल्या ज्या माणसाला हे इतकं सहज कळत होतं, त्याच्याबरोबर आता संध्याकाळी घरी जायचं होतं.