लाल ताडपत्रीखालचा शर्ट

मित्रांनो, मी एक जुनी लाल ताडपत्री आहे. आज फाटकीतुटकी दिसते, पण एके काळी माझा काय थाट होता! कापडाच्या दुकानापुढे मला ताणून बांधलं, तेव्हा दुकानदार काका मान वर करून म्हणाले, "आता कशी शोभा आली!"

माझ्या सावलीत एक गंमत व्हायची. ऊन माझ्यातून झिरपून उतरायचं आणि खालचं सगळं लालसर दिसायचं. पांढरं कापड गुलाबी, गुलाबी कापड लालबुंद. म्हणून गिऱ्हाईक कापड उन्हात नेऊन बघायचं, मगच "फाडा" म्हणायचं. शाळेतल्या बाई तर यात भारी पक्क्या. वीतभर अस्तरसुद्धा त्या बाहेर नेल्याशिवाय घ्यायच्या नाहीत. "माझ्या डोळ्यांना फसवणं सोपं नाही हं," असं वर ऐकवायच्या. समोरचे इस्त्रीवाले दादा हसायचे. बाईंचे कडक इस्त्रीचे कपडे त्यांच्याच हातचे.

एका दुपारी घात झाला. दुकानातल्या काकूंची सोनसाखळी तुटली होती. सोनाराकडे न्यायची म्हणून त्यांनी ती बाहेर माझ्या सावलीतल्या टेबलावर ठेवली आणि पाणी प्यायला आत गेल्या. तेवढ्यात कोणी अनोळखी माणूस आला, साखळी उचलून शेजारच्या बोळात पसार झाला. माझ्याखाली कापड निवडणाऱ्या बाईंना फक्त त्याची पाठ दिसली.

"चोर! चोर! गुलाबी शर्ट!" त्या ओरडल्या.

आणि गुलाबी शर्ट नेमका इस्त्रीवाल्या दादांच्या अंगात.

"अहो बाई, मी जागचा हललोसुद्धा नाही! तुमच्या कपड्यांत राहिलेली वस्तू मी कधी ठेवून घेतली का?"

"मी डोळ्यांनी पाहिलंय," बाई म्हणाल्या.

त्या खोटं बोलत नव्हत्या हो. पण दुपारी नुसती पाठ पाहिलेल्या बाईंना संध्याकाळी पोलिसांपुढे चेहराही आठवायला लागला! मी वर नुसती फडफडत राहिले. चोराचा शर्ट पांढरा होता. दादांचा गुलाबी शर्ट माझ्याखाली आला असता, तर लालबुंद दिसला असता. एवढीशी गोष्ट कोणाच्याच डोक्यात आली नाही. मला तोंड असतं तर!

साखळी काही सापडली नाही, म्हणून पोलिसांनी दादांना सोडलं, पण गल्लीनं नाही सोडलं. कोणी कपडे देईना. शेवटी त्यांनी इस्त्रीचं टेबल हातगाडीवर चढवलं, बायकोला घेतलं आणि कुठे गेले कोण जाणे.

पुढे बाई नातवाच्या शर्टासाठी कापड घ्यायला आल्या. सवयीनं उन्हात गेल्या. पांढरंशुभ्र! परत माझ्याखाली आल्या. गुलाबी. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. मग त्या मटकन टेबलावर बसल्या.

"काका, अहो, चोराचा शर्ट पांढरा होता हो," त्या रडतच म्हणाल्या.

बाई घरोघर जाऊन आपली चूक सांगून आल्या. लोक म्हणाले, "जाऊ द्या हो, आता काय त्याचं!" दादांचा पत्ता मात्र कोणालाच माहीत नव्हता.

आता मी दुकानामागे भंगारावर पडून असते. मला फेकलं म्हणून मी रडत नाही, मित्रांनो. पण वीतभर कापडासाठी उन्हात जाता ना? मग माणसाला चोर म्हणण्याआधीही दोन पावलं बाहेर जाऊन बघत जा.

बाई अजून इथून जातात. त्यांच्या कपड्यांना तेव्हापासून इस्त्री नसते.