त्रेचाळीस माणसांचं शून्य

"माई, रांग चुकली तुमची. आपली रांग तिकडं आहे," असं म्हणत वॉर्डाचा अध्यक्ष फेस्टस यानं ओमोसेदेच्या कोपराला हात घातला.

"डोळे शाबूत आहेत माझे," ओमोसेदे म्हणाली आणि तिनं कोपर सोडवून घेतलं.

इदुमोबाच्या प्राथमिक शाळेच्या मैदानात सकाळचे दहा वाजले होते आणि ऊन आताच चटके देऊ लागलं होतं. सिनेटच्या जागेसाठी पक्षाचा उमेदवार ठरवायचा होता. त्यासाठी चिठ्ठी नाही, शिक्का नाही, पेटी नाही. मैदानाच्या दोन टोकांना दोन इच्छुकांचे फोटो खुर्च्यांना बांधले होते. पक्षाचं कार्ड दाखवायचं आणि जो हवा त्याच्या फोटोमागं जाऊन उभं राहायचं. मग बेनिन शहरातून आलेला अधिकारी डोकी मोजणार. चोरीला वाव राहू नये म्हणून ही उघडी पद्धत, असं पक्षाचे लोक सांगतात. उघडी तर ती आहेच. कोण कुणामागं उभा आहे ते शाळेच्या पायरीवर बसून संत्रं सोलता सोलता फेस्टसला दिसतं.

एका फोटोत जुने सिनेटर होते. आठ वर्षं देशाच्या राजधानीत, अबुजात बसलेले आणि तेवढ्या काळात इदुमोबात दोनदा उतरलेले, दोन्ही वेळा कुणाच्या तरी अंत्यसंस्काराला. दुसऱ्या फोटोत इतुआ होता. याच गावचा, माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवणारा. ओमोसेदेनं एकतीस वर्षं आरोग्य केंद्रात बाळांची वजनं केली होती, तेव्हा गावातल्या बाकीच्यांसारखं इतुआलाही तिनं सहा दिवसांचा असताना काट्यावर निजवलं होतं. पण ती त्याच्यामागं उभी होती ती त्या मायेपोटी नव्हे. वादळात केंद्राचं छप्पर उडालं तेव्हा तिनं सिनेटरांच्या कचेरीला चार पत्रं पाठवली होती. उत्तर एकाचंही आलं नाही. इतुआ मात्र शाळेतली पोरं घेऊन आला, शिडी लावली आणि संध्याकाळपर्यंत पत्रे ठोकत बसला. त्या रात्री तिथं एक बाई बाळंत झाली. एवढा साधा हिशेब होता तिचा.

फेस्टस जरा वाकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "एबोसेची नोकरी अजून कायम झाली नाही, नाही का?"

 एबोसे ओमोसेदेची एकुलती एक मुलगी. ह्याच शाळेत बालवर्गाला शिकवायची, तीन वर्षांपासून हंगामी म्हणून. शाळा पंचायतीची आणि पंचायत फेस्टसच्या खिशात.

"पोरीचं तिच्यापाशी," ती म्हणाली. "मी माझ्या पायावर उभी आहे."

"राहा उभ्या," फेस्टस हसून म्हणाला. "माझं सांगायचं काम होतं."

बेनिनचा अधिकारी रांगेतून आला. एकेकाच्या खांद्याला पेनचं टोक लावत, मैदानभर ऐकू जाईल अशा आवाजात त्यानं मोजलं. इतुआची रांग त्रेचाळीसवर संपली. समोरची एकसष्टवर. म्हणजे आपल्याच गावात इतुआ अठरा डोक्यांनी मागं पडला. ओमोसेदेला वाईट वाटलं, पण हरणं तिला नवीन नव्हतं. आजूबाजूच्या वॉर्डांत इतुआच्या रांगा लांबच लांब लागल्याचं दुपारपर्यंत कळलं, आणि तिला वाटलं, ठीक आहे, तिकडं भरून निघेल. ती घरी आली, भाजलेलं रताळं खाल्लं आणि स्वस्थ झोपली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पक्षाच्या कचेरीच्या दारावर निकालाचा कागद चिकटला. एबोसेनं तो वाचला, पुन्हा वाचला, आणि आईकडं वळली.

"इदुमोबा वॉर्ड. सिनेटर, चारशे बारा."

"कितीऽ?"

"चारशे बारा. इतुआ सर, शून्य."

वॉर्डात पक्षाची कार्डं सगळी मिळून एकशे साठ. त्यांतली किती तरी मेलेल्यांची. तरी चारशे बारा! बरं, तेही पोटात घालू. पण शून्य? इतुआ स्वतः त्या रांगेत पहिला उभा होता. त्याची बायको होती, त्याची म्हातारी आई होती, काठी टेकत आलेली. माणूस स्वतःच्या मागंसुद्धा उभा राहिला नाही असं लिहायला हात कसा धजावला? लाज नावाची गोष्ट माणसात असते. ह्यांनी ती मैदानातच सोडून दिलेली दिसत होती. आजूबाजूच्या सगळ्या वॉर्डांतही हेच. जिथं रांग लांब होती तिथं मोठं शून्य, जिथं आखूड होती तिथं लहान, असंही नाही. सगळीकडं एकाच मापाचं.

"मी गेले होते ना गं तिथं?" ओमोसेदेनं विचारलं.

"गेली होतीस की. तुला कोण नाही म्हणतंय?"

"हा कागद म्हणतोय."

शुक्रवारी एबोसे शाळेतून अकरा वाजताच घरी आली. हातात दोन ओळींचं पत्र होतं: आपल्या सेवेची आता आवश्यकता नाही. तिनं ते आईच्या मांडीवर टाकलं.

"हेडबाई रडत होत्या. म्हणाल्या, फेस्टस स्वतः आला होता. म्हणाला, हिची आई त्या रांगेत उभी होती. सगळ्या वर्गासमोर म्हणाला तो, आई! पोरं माझ्याकडं बघत होती."

"फेस्टस असं म्हणाला? ह्याच शब्दांत? आई त्या रांगेत उभी होती?"

"तुला त्याच्या शब्दांचं पडलंय! माझी नोकरी गेली. तुला कुणी सांगितलं होतं पुढारीपण करायला? घरी बसली असतीस तर काय बिघडलं असतं?"

 मुलीचा राग खरा होता आणि तो झेलण्यावाचून इलाज नव्हता. पण ओमोसेदेच्या डोक्यात दुसरंच काही तरी ठाण मांडून बसलं होतं. ते पत्र तिनं चार घड्या घालून ब्लाउजमध्ये ठेवलं.

इतुआनं पक्षाच्या तक्रार समितीकडं दाद मागितली. त्याचा वकील रांगेतल्या बाकी बेचाळीस जणांच्या दारोदार फिरला. सुताराला पंचायतीचं काम मिळायचं होतं. एकीचा नवरा सरकारी ड्रायव्हर. एक जण तर म्हणाला, मी त्या दिवशी आजारी होतो, आणि म्हणताना वकिलाच्या बुटांकडं बघत राहिला. इतुआच्या आईला प्रवास झेपणार नव्हता, आणि बायकोची साक्ष कोण धरणार? शेवटी बेनिनच्या गाडीत साक्षीदार म्हणून चढली एकटी ओमोसेदे.

समिती एका हॉटेलच्या वरच्या मजल्यावर बसली होती. तीन माणसं, थंडगार खोली, टेबलावर बाटल्या. मधल्या माणसानं चष्म्यातून तिच्याकडं पाहिलं.

"बाई, तुमच्याकडं काही पुरावा? फोटो? व्हिडिओ?"

"फोन शाळेच्या दारातच काढून घेतले होते, साहेब."

"मग आम्ही काय बघायचं? हा निकालाचा कागद. ह्यावर तीन अधिकृत सह्या आहेत. इतुआ यांच्यामागं कुणीही उभं नव्हतं."

"कुणीही नव्हतं?"

"कागद तसं सांगतो."

ओमोसेदेनं ब्लाउजमधून पत्र काढलं, उलगडलं आणि टेबलावर ठेवून तळव्यानं सपाट केलं.

"मग हे कशाबद्दल, साहेब? माझ्या मुलीला शाळेतून काढलं. वॉर्डाध्यक्षानं वर्गात उभं राहून कारण सांगितलं, हिची आई इतुआच्या रांगेत होती. रांगच नव्हती तर मी होते कशात? शिक्षा देताना मी तिथं होते. मोजताना नव्हते. दोन्हीपैकी एक काही तरी ठरवा. मी नव्हते, तर पोरीला नोकरी परत द्या. मी होते, तर माझं एक मत लिहा. एकच मागते. बेचाळीस जणांचं त्यांचं ते बघतील."

 डावीकडचा माणूस हसू लागला. कुत्सितपणे नव्हे, मनापासून, एखादा विनोद आवडावा तसा. "म्हातारी तयार आहे हं," तो म्हणाला. मधल्यानं पत्र बोटाच्या टोकानं तिच्याकडं परत सरकवलं.

"नोकरीचा विषय आमच्या कक्षेत येत नाही. बाकी नोंद घेतली आहे."

नोंद घेतली आहे! टिपणं लिहायला बसवलेल्या मुनशीचं पेन टेबलावर तसंच आडवं पडलं होतं, त्याला कुणी हातसुद्धा लावला नव्हता. ओमोसेदेनं ते पाहिलं. परतीच्या वाटेवर तिला इतका राग आला की वकिलानं दिलेलं पाणी साडेतीन तास तिच्या मांडीवर तसंच राहिलं. पण गाडीतून उतरताना वकील म्हणाला, "माई, अजून संपलेलं नाही. इतुआ सर कोर्टात जाणार आहेत. तुमचा हा मुद्दा कोर्टात चालेल." त्या आशेवर तिनं पुढचे दोन आठवडे काढले. बाजारात बायका तिच्याशी बोलताना आधी मागं वळून बघत. एबोसे घरी बसून कसावाचे कंद सोलायची आणि आईशी कामापुरतं बोलायची.

मग एका दुपारी दारात काळी जीप थांबली. ओमोसेदे मागच्या पडवीत कढईत कसावाचा किस भाजून गारी करत होती. जीप चालवत होता फेस्टसचा ड्रायव्हर. आतून उतरला इतुआ.

तो आत आला आणि रीतीप्रमाणे गुडघ्यांवर बसला. आमच्याकडं लहानानं मोठ्यापुढं असंच बसायचं आणि मोठ्यानं ऊठ म्हटल्यावरच उठायचं. मग तो मास्तर असो की मंत्री.

"ऊठ, बाळा, ऊठ," ओमोसेदे घाईनं म्हणाली. "कोर्टाची तारीख लागली का?"

इतुआ स्टुलावर बसला. त्यानं नवा, कडक इस्त्रीचा झगा घातला होता.

"माई, मोठ्या मंडळींनी बोलावलं होतं. बसलो, बोललो. पक्ष फुटून कुणाचंच भलं नाही. मला राज्याच्या शाळा मंडळाचं अध्यक्षपद देतायत. तिथून गावासाठी खूप करता येईल, खरंच सांगतो. आणि हे बघा, सगळ्यात आधी हे करून घेतलं." त्यानं एक पाकीट पुढं केलं. "एबोसेची नेमणूक. ह्या खेपेला कायम."

एबोसे दारात येऊन उभी राहिली होती.

"आणि कोर्ट?" ओमोसेदेनं विचारलं.

"तक्रार मागं घेतली."

"नुसती मागं घेतली, की काही लिहून दिलंस?"

इतुआनं झग्याची बाही सारखी केली. "लिहून द्यावं लागतं, माई. जाहीर झालेला निकाल मला मान्य आहे, एवढंच."

"म्हणजे शून्य मान्य आहे."

"ती एक पद्धत असते हो. त्याला काही अर्थ नसतो."

ओमोसेदे हातातलं उलथणं तसंच धरून उभी राहिली. फेस्टसबद्दल तिला राग होता, पण तो परक्यावरचा राग होता. इतुआ मात्र परका नव्हता.

"तू सांग मला. पक्ष नको, कोर्ट नको. तू सांग. मी तिथं उभी होते की नव्हते?"

इतुआनं जमिनीकडं पाहिलं.

"होतात," तो म्हणाला. "माझ्या पाठीशी होतात. तुमच्या छत्रीची सावली माझ्या मानेवर पडत होती."

"मग ते लिही कुठं तरी."

"आता नाही जमणार, माई."

पाकीट त्याच्या हातातच होतं. एबोसे आईकडं पाहत होती. तिचे डोळे भरले होते, पण ती पुढं होईना.

"घे ते," ओमोसेदे मुलीला म्हणाली. "तू तीन वर्षं शिकवलंस. ते तुझं आहे. माझ्या रांगेचं नाही."

एबोसेनं पाकीट घेतलं. इतुआच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला. सगळं नीट पार पडलं असं त्याला वाटलं असावं. तो स्टुलावरून उठला, नवा झगा आवरत पुन्हा ओमोसेदेपुढं गुडघ्यांवर बसला आणि मान लववून म्हणाला, "येतो, माई."

ओमोसेदे कढईकडं वळली. गारी एका बाजूनं लागायला आली होती. तिनं ती खालीवर केली, कडेला आलेली मध्ये ओढली, पुन्हा पसरली. बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. थोड्या वेळानं पुन्हा वाजवला. इतुआ मान खाली घालून वाट पाहत होता, आणि उंबऱ्यावर मुलगीही वाट पाहत होती.

ओमोसेदेनं चुलीतलं एक लाकूड मागं ओढलं, आच कमी केली आणि भाजत राहिली.

शेवटी तो एका हातानं स्टुलाचा आधार घेऊन आपला आपण उठला, आणि गुडघ्यांना लागलेली माती न झटकताच बाहेर गेला.