सुटली म्हणून वाचलेली गाठ

मित्रांनो, मी एक जुनी गाठ आहे. दोरीची नव्हे, दगडाची. इटलीत, पिएमोंतच्या डोंगरपायथ्याशी बोर्गोलुंगो नावाचं गाव आहे. तिथल्या दोरवाल्यांच्या आळीत धुणं धुण्याचं एक लांब कुंड आहे. कुंडाच्या तोटीवर एक दगडी ढाल आहे आणि त्या ढालीवर आहे मी, इंग्रजी आठ आडवा निजवावा तशी.

मला देफेंदेंते नावाच्या पाथरवटानं घडवलं. आळीतले लोक पिढ्यान्‌पिढ्या वाखाचे दोर वळायचे, म्हणून आळीची खूण गाठ. खऱ्या दोराची एक गाठ समोर खिळ्याला टांगून देफेंदेंते काम करायचा. हात कसबी होता, पण त्या हातानं दोर कधी वळला नव्हता. गाठीत दोर स्वतःलाच ओलांडतो, कधी वरून, कधी खालून. त्यात एके ठिकाणी त्यानं खालचा पदर वर कोरला. पाद्रीबाबांनी पाणी शिंपडून आशीर्वाद दिला, टाळ्या झाल्या, आणि मग एक म्हातारा दोरवाला डोळे बारीक करून म्हणाला, "अरे, ही तर ओढली की सुटेल!"

पण आशीर्वाद मिळालेली चूक पुसणार कोण? राहिले मी तशीच.

मग काय! कुणाच्या बुटाची नाडी सुटो, नाहीतर ठरलेलं लग्न मोडो, आळी म्हणायची, "देफेंदेंतेची गाठ होती ती!" सगळ्यांत जास्त टोमणे मारायची सेकोंदिना. ती देफेंदेंतेच्या नातवाची बायको, म्हणजे घरचाच आहेर. चादर पिळता पिळता वर बघून म्हणायची, "आमच्या सासरचं सगळं असंच. नुसतं दिसायला मजबूत!" मी दगड असले तरी लागायचं हो मला. एकच आस होती, एकदा तरी आपण घट्ट बसावं.

पुढे लढाई आली. सेकोंदिनाचा धाकटा मुलगा राजाच्या फौजेतून दूर बर्फाच्या मुलखात गेला, तो परतलाच नाही. तेव्हापासून तिचे टोमणे थांबले. खाली मान घालून ती नुसती धुणं आपटायची. मला तिच्या टोमण्यांची आठवण यायची, हे सांगितलं तर तुम्ही हसाल.

लढाई संपली आणि देशानं मतदान करून राजाला निरोप दिला. आता गंमत अशी, की राजघराण्याची खूणही गाठच, तीही आठाच्याच आकाराची! भिंतींवरच्या, कमानींवरच्या त्या गाठींवर छिन्नी चालू लागली. एका सकाळी नगराध्यक्ष एवाझिओ गवंडी गाउदेन्झिओला घेऊन कुंडावर आला. शिडी लागली. पहिला घाव ढालीच्या कडेवर बसला आणि टवका उडून पाण्यात पडला.

"थांब रे मेल्या!" सेकोंदिना ओरडली. "माझ्या धुण्यात दगड पाडतोस?"

"मावशी, राजाची गाठ आहे. मी काय करू? हुकूम आहे," गाउदेन्झिओ शिडीवरूनच म्हणाला.

"राजाची असती तर पहिला घाव मीच घातला असता."

धुणं धुणाऱ्या बायकांचे हात थांबले. तिचा मुलगा सगळ्यांच्याच ओळखीचा होता.

एवाझिओ हळू आवाजात म्हणाला, "काकू, तीच दिसतेय हो."

"दिसतेय! राजाची गाठ ओढली की आवळते. ही आवळली तर खुशाल फोड. सुटली तर मुकाट्यानं शिडी उचल."

"कबूल," तो म्हणाला.

सेकोंदिनानं घरून नवा दोर आणला. गाउदेन्झिओला खाली उतरवून ती शिडीवर चढली आणि माझ्या अंगावरून बोट फिरवत तशीच गाठ मारू लागली. "इथं वरून... इथं खालून... आणि इथं आमच्या आजेसासऱ्यांची अक्कल!" मग खाली उतरून तिनं एक टोक एवाझिओच्या हातात दिलं, दुसरं गाउदेन्झिओच्या.

मित्रांनो, जन्मभर मी घट्ट बसायची आस धरली, आणि त्या क्षणी मनात एकच घोकत होते, 'सूट गं बाई, सूट!'

दोघांनी ओढलं. दोराचा गोळा झाला, क्षणभर अडला, आणि सर्रकन सगळा सरळ! एवाझिओ ओल्या फरशीवर धपकन बसला.

"हिनं शेळी बांधली तरी राहायची नाही," एक बाई हसत म्हणाली. "राजा कसला टिकतोय!"

"नाहीच टिकला की!" दुसरीनं ठोकून दिलं.

एवाझिओही विजार झटकत हसला. त्याच्या तोंडावरून कळत होतं, त्यालाही हायसं वाटलं होतं. त्याचे लंगोटसुद्धा त्याच्या आईनं इथंच धुतले होते. "उचल रे शिडी," तो म्हणाला.

सगळे पांगल्यावर सेकोंदिनानं काठीला फडकं बांधून माझ्यावरची दगडाची भुकटी पुसली. वर बघून म्हणाली, "चला, सासरचं काहीतरी एकदाचं कामाला आलं!"

किती दिवसांनी टोमणा मारला तिनं! तो ऐकून मला जे वाटलं, ते अजून कोरायला कुणाला जमलेलं नाही.

आता घरोघरी धुण्याची यंत्रं आली. कुंडावर फारसं कुणी येत नाही, आणि माझ्या खोबणीत शेवाळ साचतं. तुम्ही कधी आलात तर मऊ ब्रशनं, साध्या पाण्यानं ते काढा. कडेचा टवका उडालाय, तो तसाच राहू द्या. आणि कुणी छिन्नी घेऊन माझी चूक सुधारायला निघालाच, तर त्याचा हात धरा. आधी माझ्यासारखी एक गाठ दोरावर मारून दोन्हीकडून ओढा म्हणावं. ती सर्रकन सुटली की मोठ्यानं हसा. मला दरवेळी तितकंच हायसं वाटतं.