अकरा जणांना दिलेली खुर्ची

मित्रांनो, मी एक चाकांची खुर्ची आहे. जुनी आहे, आणि एका जागी चैन पडणं माझ्या स्वभावात नाही. देवाने चाकं दिल्यावर ती शिवशिवणारच की! तरी माझ्या आयुष्यातली तीन वर्षं मी हायकोर्टाच्या तळघरात भिंतीकडे तोंड करून काढली. चोरी मी केली नव्हती आणि खोटंही मी बोलले नव्हते. पण ज्यांनी ते केलं ते बाहेर हसत फिरत होते आणि कोंडलं होतं मला. म्हणून सांगते, मध्येच माझा आवाज चढला तर रागावू नका.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथल्या वेल्डरकाकांनी लोखंडी नळ्या वाकवून, सांधून माझा सांगाडा केला. त्यावर लाल रेक्झिनची बैठक आणि पाठ चढवली. शेवटी ते स्वतः माझ्यावर बसले, अंगणात एक फेरी मारली, डावं चाक जरा ओढतंय म्हणून पुन्हा कसलं. उठताना माझ्या हातावर थोपटून म्हणाले, ‘‘जा, कोणाचे तरी पाय हो.’’ तेवढं एकच काम मला सांगितलेलं होतं. ते करायला किती वर्षं लागावीत, याला काही धरबंध?

मला विकत नेलं एका प्रसिद्धीवाल्याने. सिनेमातल्या एका मोठ्या हिरोचं नाव लोकांच्या तोंडी चांगलं राहावं, एवढंच त्या माणसाचं काम. हिरोने कधी रडायचं, कोणत्या म्हाताऱ्याला मिठी मारायची, मिठी मारताना तोंड कुठल्या कॅमेऱ्याकडे ठेवायचं, हे सगळं तो आधी कागदावर लिहून काढी. हिरोला निवडणूक लढवायची होती आणि सत्तेतला पक्ष त्याला तिकीट द्यायला तयार होता. त्याआधी गोरगरिबांचा कैवारी म्हणून त्याची ओळख पक्की व्हायला हवी होती. मग ठरलं, अकरा गावांत अकरा जणांना अकरा खुर्च्या द्यायच्या. आता गंमत ऐका. खुर्च्या अकरा नव्हत्याच. मी एकटीच होते.

पहिल्या गावात मी एका म्हाताऱ्या विणकराला मिळाले. माझ्या पाठीवर एक मोठा स्टिकर होता. त्यावर हिरोचा हात जोडलेला फोटो, खाली विणकराचं नाव, गाव, तारीख आणि ‘सप्रेम भेट’. टाळ्या झाल्या, फोटो झाले. मग प्रसिद्धीवाल्याचा माणूस गोड बोलून म्हणाला, जरा एक नट कसायचाय, आत्ता आणून देतो. आणि मी थेट गाडीत! विणकर मांडवातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर वाट बघत बसला होता, ते मी गाडीच्या काचेतून पाहिलं. दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, हे मी तोवर नुसतं ऐकलं होतं.

दुसऱ्या गावासाठी पहिला स्टिकर काढायला गेले तर रेक्झिन उचकटायला लागलं. उचकटलेली खुर्ची फोटोत कशी दिसणार? वेळही नव्हता. त्यांनी दुसरा स्टिकर पहिल्यावरच चिकटवून टाकला. मग तिसरा, मग चौथा. माझ्या पाठीवर एकावर एक नावं चढत गेली आणि एकाचीही मी झाले नाही. लाजेने मला मेल्याहून मेल्यासारखं होई.

सातव्या गावात मला ताई भेटली.

ताईचे पाय लहानपणी तापात गेले होते. घरी बसून ती शर्टांना काजं करी, म्हणजे बटणांसाठी घरं शिवी, आणि इतकी बारीक की टाका दिसू नये. शिवणकारखान्याच्या मालकीणबाईंनी तिला सांगून ठेवलं होतं, रोज स्वतःची स्वतः येऊ शकलीस तर माल तपासायची जागा तुझी. पण येणार कशी? तिचा थोरला भाऊ दुकानांच्या पाट्या रंगवत असे. कुठे जायचं झालं की तो तिच्यासमोर पाठ करून वाकायचा आणि ती त्याच्या पाठीवर चढायची. दिवसभर शिडीवर उभं राहून त्याची कंबर आधीच कामातून गेली होती. माझ्यावर बसल्यावर ताईने पहिली गोष्ट काय केली असेल? हिरोकडे पाहिलंसुद्धा नाही. दोन्ही हातांनी चाकं धरली आणि मांडवाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मला पळवलं. वळून भावाला म्हणाली, आजपासून तुझी पाठ तुला परत. त्या क्षणी मला वाटलं, वेल्डरकाका, मी पोचले.

अकरा मिनिटांत नट कसणारा आला.

भाऊ गाडीमागे चौकापर्यंत धावला, मग कंबर धरून रस्त्यातच बसला. ताईच्या तोंडाला पानं पुसून मी आठव्या गावाला निघाले. पण बाकीच्यांसारखी ताई गप्प बसली नाही. तिने अर्ज केले. ते खालच्या कचेऱ्यांत अडकले तेव्हा एका वकीलबाईंनी तिचं म्हणणं हायकोर्टात नेलं. ताईची मागणी एका ओळीची होती. मला दिलेली खुर्ची मला द्या.

कोर्टाने खुर्ची हजर करायला सांगितलं आणि प्रसिद्धीवाल्याची धांदल उडाली. त्याने माझ्या पाठीवर बारावा स्टिकर मारला, ताईच्या नावाचा, सातव्या गावाची तारीख घालून. आणि कोर्टात सांगितलं काय? खुर्ची आम्ही हिलाच दिली होती. हिने ती काही महिने वापरली आणि आमच्याच माणसाला परत विकली.  तोंड असतं तर तिथेच बोलले असते.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. ताईला तर ती चढताच येत नव्हती. सतरा पायऱ्या होत्या. दर तारखेला भाऊ तिला पाठीवर घेऊन चढायचा, आणि वरती मी, चार चाकांची धडधाकट, पुरावा म्हणून मोहोर लावून उभी. तिला माझ्यावर बसायची परवानगी नव्हती. ती बाकावर बसून माझ्याकडे बघायची. मी तिच्याकडे.

पहिल्या न्यायमूर्ती एक बाई होत्या, फार कमी बोलणाऱ्या. त्यांनी एकच विचारलं, विकल्याची पावती कुठे आहे? दुसऱ्या दिवशी एका मंत्र्याने भर सभेत सांगितलं की न्यायाधीशांनी खुर्च्यांवर बसावं, खुर्च्या मोजू नयेत. आठवडाभरात बाईंची लांब बदली झाली. निम्मे वकील काळ्या फिती लावून पायऱ्यांवर बसले, निम्मे त्यांच्याकडे पाठ करून उभे राहिले. पुढच्या दोन न्यायमूर्तींनी हे प्रकरण आपल्यासमोर नको म्हणून कागद बाजूला सारला. कारण कोणी विचारलं नाही, कोणी सांगितलं नाही. चहाच्या टपरीवर मात्र सगळ्यांना कारण माहीत होतं.

बाहेर तर निराळाच तमाशा. हिरोच्या भक्तांनी फोनवरून ताईला लबाड ठरवलं. विरोधी पक्षाने तिला न विचारता तिचा फोटो मोठ्या फलकावर लावला, डोळ्यांत पाणी रंगवून! ताई तो फलक बघून म्हणाली, ‘‘मी कधी रडले गं बाई? आणि रंग तरी दादाकडून मारून घ्यायचा होता, इतके ओघळ आले नसते.’’ फोटो दोघांनाही हवा होता. खुर्ची कोणालाच द्यायची नव्हती.

मला तळघरात ठेवलं होतं. तिथे फायली सांभाळणारे एक कारकूनकाका होते. निवृत्ती तीन-चार वर्षांवर आली होती, गुडघे दुखत आणि खोलीत स्टूल सोडून बसायला काही नव्हतं. पुराव्याच्या वस्तूला हात लावायचा नाही, हा नियम त्यांना पाठ होता. तरी दुपारी डबा खाल्ला की इकडेतिकडे बघून ते हळूच माझ्यावर टेकत. बैठक त्यांच्या वजनाने खोलगट झाली. डावं चाक कुरकुरतं म्हणून त्यांनी घरून तेलाची कुपी आणली. ‘काय बाई, कंटाळलीस ना?’ असं विचारत ते मला कपाटापासून दारापर्यंत एक फेरी घडवत. पावसाळ्यात ओलीने माझ्या पाठीवरच्या स्टिकरचा कोपरा सुटला. काकांनी तो दाबून बसवायला बोट लावलं आणि थबकले. खाली दुसरे जोडलेले हात होते, आणि दुसरंच नाव. काकांनी घाम पुसला आणि कोपरा पुन्हा दाबून ठेवला.

बोलावं तरी कसं? मोहोर लावलेल्या खुर्चीच्या स्टिकरखालचं तुम्हाला कसं दिसलं, हे पहिलं विचारलं असतं. कचेरीतल्या मोठ्या साहेबांनी तर सगळ्यांना आधीच बजावलं होतं, या प्रकरणात आपण आंधळे आणि बहिरे. काका रोज माझ्याशी बोलत आणि रोज गप्प राहत. मला त्यांचा राग यायचा आणि दयाही यायची.

मग चौथे न्यायमूर्ती आले. ते सत्तेच्या घरचे आहेत, असं सगळे उघड म्हणत. त्या तारखेला भाऊ बाराव्या पायरीवर थांबला. त्याला पुढचं पाऊल उचलेना. दोन शिपायांनी दोघांना धरून वर आणलं. ताईचं तोंड पांढरं पडलं होतं. तिने वकीलबाईंना सांगितलं, आज काय तो निकाल लागू दे, नाहीतर अर्ज मागे घ्या. मी याची पाठ मोडून खुर्ची मिळवणार नाही.

हिरोचे वकील उभे राहिले आणि त्यांनी माझ्याकडे बोट केलं. बघा, चाकांना तेल आहे. बैठक खोलगट झाली आहे. म्हणजे अर्जदार बाईंनी ही खुर्ची भरपूर वापरली आहे. आणखी पुरावा काय हवा?

काकांनी शिपायांकडून मला उचलून वर आणवलं होतं आणि ते माझ्यामागेच उभे होते.  ज्या मायेने त्यांनी तेल घातलं, तीच माया ताईच्या गळ्याशी आली होती. मी मनातल्या मनात ओरडत होते, बोला काका, बोला!

‘‘साहेब, तेल मी घातलं,’’ काका म्हणाले.  ‘‘बसत होतो तोही मीच. गुडघे दुखतात. काय शिक्षा द्यायची ती द्या. पण मागचा स्टिकर एक नाही. खाली अजून आहेत.’’

कोर्टात हशा पिकला आणि लगेच विरला. न्यायमूर्तींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. तेवढा वेळ मला तीन वर्षांहून मोठा वाटला. मग त्यांनी स्टिकर सोडवायला सांगितलं. शिपायाने नख घातलं तर कागद फाटायला लागला. ताई बाकावरून म्हणाली, ‘‘मला द्या. जन्मभर टाके उसवलेत मी, खालचं कापड न दुखवता.’’

हिरोच्या वकिलांनी हरकत घेतली. न्यायमूर्तींनी ती लिहून घेतली आणि मला ताईपुढे नेऊन उभं करायला सांगितलं. ताईने पहिला कोपरा धरला. तिची बोटं काय हलकी! वरचा स्टिकर निघाला, तिच्या नावाचा. खाली अकराव्या गावची शिक्षिका. मग दहावं गाव, नववं, आठवं, प्रत्येकाची तारीख ताईच्या तारखेनंतरची. पाचवा स्टिकर निघाला आणि खाली पुन्हा ताईचंच नाव आलं, जुनं, पिवळं पडलेलं. हिने खुर्ची वापरली म्हणता त्या महिन्यांत हीच खुर्ची चार गावांत चौघांना भेट दिली जात होती. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, मित्रांनो. त्याखालची सहा नावंही ताईने काढली. सगळ्यात शेवटी विणकर आला.

हिरोचे वकील खाली बघत म्हणाले की काही असलं तरी खुर्ची आमच्या अशिलाच्या मालकीची आहे. न्यायमूर्तींनी त्यांचेच जुने कागद उलटून पाहिले.

‘‘तुम्हीच लिहून दिलंय की खुर्ची यांना दिली होती,’’ ते म्हणाले. ‘‘परत विकल्याची पावती तीन वर्षांत आली नाही. मग खुर्ची यांचीच. स्टिकर कोर्टात राहतील, खुर्ची आजच घरी जाईल.’’

ते कोणाच्या घरचे होते, मला माहीत नाही. त्या दिवशी ते त्यांच्या खुर्चीवर नीट बसले होते, एवढं मी पाहिलं.

शिपायाने मोहोर तोडली. ताईला उचलून माझ्यावर बसवलं. बाहेरच्या लांब ओसरीत आल्यावर भाऊ सवयीने तिच्यासमोर आला, पाठ केली आणि वाकला. डोळे मिटून तिच्या वजनाची वाट बघत तसाच उभा राहिला. ताईने त्याच्या कमरेवर हात ठेवला. त्या दिवशी मात्र ती खरंच रडत होती, आणि तिथे एकही कॅमेरा नव्हता.

‘‘दादा,’’ ती म्हणाली, ‘‘सरळ उभा राहा.’’

त्याला लगेच जमलं नाही. हळूहळू जमलं.

फसवणुकीचा खटला अजून चालू आहे. न्यायमूर्तींची बदली होणार म्हणतात. काका निवृत्त झाले, पण माझ्यावर बसल्याबद्दलचा खुलासा त्यांना अजून द्यायचा आहे. हिरो आजही फलकावरून हात जोडतो. आणि बाकीचे दहा जण कुठेतरी वाट बघतच आहेत. 

म्हणून मित्रांनो, एवढं माझं ऐका. कोणी कोणाला काही देतानाचा फोटो पाहिलात, तर दुसऱ्या दिवशी त्या घरी जाऊन बघा, वस्तू तिथे आहे का. आणि स्वतः काही द्याल तेव्हा हात सोडून द्या. माझ्या पाठीचं रेक्झिन आता सोललंय आणि डावं चाक पुन्हा कुरकुरायला लागलंय. कोणाकडे तेल असेल तर दोन थेंब घाला. मात्र जरा लवकर, शिवणकारखान्याची घंटा होईल. ताईला माल तपासायचाय आणि मला इथे उभं राहायचं नाही, जायचंय.