मोठ्याने घातलेलं गाऱ्हाणं

घाबरट तर मी आहेच, आधीच सांगते. गावची आशा सेविका म्हणून लोक शेवंतीताई म्हणून मान देतात, पण कुणी आवाज चढवला की मी दाराआड जाते.

गेल्या महिन्यात जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला आमचं दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. ज्या मोठ्या माणसांना स्वतःची बाजू मांडता येत नाही, त्यांचा घरातच छळ होत असेल तर काय करायचं, ते शिकवलं. तिथल्या मदत पथकाच्या तन्वी मॅडमनी आमच्याकडून घोकून घेतलं : त्या माणसाशी एकटीने बोला, कुठे वाच्यता करू नका, पथक येईपर्यंत घरच्यांना संशय येऊ देऊ नका. मी मान डोलावली. मान डोलवायला काय जातं!

परतताना एसटीत मला आनंदी आठवली. वय बेचाळीस, समज सात-आठ वर्षांच्या पोरीची. आईबाप गेल्यावर चुलतभाऊ सत्यवानाने तिला सांभाळलं, असं गाव कौतुकाने म्हणायचं. त्याचं किनाऱ्यावर पर्यटकांसाठी होमस्टे आहे. तो बंदरावर गेलेला बघून मी रक्तदाब तपासायच्या निमित्ताने गेले. आनंदी मागच्या मांगरात, म्हणजे सामानाच्या खोपटात, चादरी धूत होती. पट्टा बांधायला तिची बाही वर केली, तर मनगटावर दोरीचे वळ.

"ह्या काय गो?"

"दादा बांधता. गिऱ्हायकांसमोर जाव नको म्हणता."

"जेवलंस?"

"चादरी संपल्यार."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येऊन मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "उद्या अकरा वाजता पोलिसांना घेऊन येते. तोवर तोंड बंद ठेवा."

सकाळी उठले ती एकाच काळजीत. सत्यवानाला कळलं तर? त्याने तिला कुठे नेऊन टाकलं तर? काही सुचेना, म्हणून नारळ घेऊन देवळात गेले. आमच्याकडे देवाला मनातल्या मनात सांगत नाहीत. देवळाचा मानकरी असलेला गावकर खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घालतो आणि जमलेली माणसं होकार देतात. जन्मापासून ऐकत आलेय मी हे. तरी आमचे गावकर, नाना, यांच्या कानात सगळं सांगितलं. हळू सांगितलं म्हणजे वाच्यता झाली नाही, असं माझं टाळकं!

नानांनी नारळ ठेवला आणि आवाज लावला, "बा देवा रवळनाथा! सत्यवानाच्या घरात आनंदीचे हाल चललेत. आज ओरोसची माणसा तिका सोडवूक येतत, तेंका येस दी रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" चार-पाच जण म्हणाले.

खांबाजवळ सत्यवानाची बायको संजना उभी होती. ती फुलांची परडी उचलून भराभर चालू लागली.

अगो बाय माझे, काय करून बसले मी! साडी वर खोचून धावले. पोचले तेव्हा सत्यवान गाडी चालू करत होता. मागच्या सीटवर आनंदी, मांडीवर कपड्यांचं बोचकं.

"खंय नेतंस तिका?"

"दोडामार्गाक. काजूच्या बागेत काम गावला. तुका कित्याक होयी?"

तिथून गोव्याची हद्द ती किती लांब! एकदा पलीकडे गेली की ही कुणाला सापडणार नव्हती. मी मॅडमचा नंबर लावला, फोन चालूच ठेवून पदराखाली धरला आणि दार उघडून आनंदीच्या शेजारी जाऊन बसले.

"उतर!" सत्यवान ओरडला. मी आनंदीचा दंड धरून बसले. त्याने तशीच गाडी हाणली. मग मात्र मी बोलत सुटले, "सत्यवाना, शाळा गेली रे! आता तिठो इलो! कट्ट्याच्या रस्त्याक कित्याक वळवलंस?"

पदराखालून मॅडमचा आवाज आला, "शेवंतीताई, त्याच रस्त्यावर आहोत आम्ही. पोचतोच."

सत्यवानाने करकचून ब्रेक मारला. खाली उतरून माझ्या बाजूचं दार उघडलं आणि दात-ओठ खात म्हणाला, "भायर ये."

"दोघी उतरतंव. नायतर कोण उतरूचा नाय."

त्याने हात उगारला. मी डोळे गच्च मिटले. फटका काही बसला नाही. डोळे उघडले तर आनंदी माझ्यावर आडवी पडलेली.

"दादा, तिका मारू नको," ती म्हणत होती, "चादरी मी धुतंय. सगळे धुतंय."

मी तिला कुशीत घेतलं आणि हंबरडा फोडला. गाडीतून मात्र उतरले नाही.