वाटेकडेची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. मोठ्या सभागृहातली, पहिल्या रांगेतली, अगदी वाटेकडेची. सुताराने मला घडवले, गादीवाल्याने लाल मखमल चढवली, आणि सगळ्या बहिणींत माझेच नशीब उघडले असे मला वाटले. कसचे काय!

इथे दरवर्षी चित्रपटांचे पुरस्कार देतात. ज्याला पुरस्कार मिळणार, त्याला वाटेकडे बसवतात. उठायला सोपे आणि कॅमेऱ्याला दिसायला बरे. त्यामुळे पाकीट फोडण्याआधीच निकाल मला ठाऊक असतो. एके काळी मला याचा केवढा तोरा होता! मोठमोठे कलावंत माझे हात थोपटून म्हणत, "लकी खुर्ची आहे हो!" आता मात्र सोहळ्याचे दिवे लागले की मला भीती वाटते ती तीन शब्दांची.

गेल्या वर्षी माझ्यावर एक अभिनेत्री बसली होती. शेजारी तिची लेक. नवऱ्याचे घर सोडून जाणारी बाई तिने पडद्यावर उभी केली होती, आणि तेव्हापासून तिला कोणी काम देईना.

"आई, आपल्याला कडेला बसवलंय. म्हणजे नक्की ना गं?"

"हळू बोल. मिळाला तर कामं येतील. नाहीतर आहेच घरी बसणं."

तिचे गार हात माझ्या हातांना घट्ट धरून होते.

एवढ्यात मागे कुजबुज सुरू झाली. सोहळ्याचा खर्च उचलणाऱ्या साबण कंपनीचे साहेब व्यवस्थापकाला म्हणाले, "आमचा साबण घराघरांत जातो. घर मोडणाऱ्या बाईला आमच्या नावाचा पुरस्कार? लोक काय म्हणतील? आमच्या जाहिरातीतली मुलगी आहे ना नामांकनात?"

"परीक्षकांनी हिला निवडलंय, साहेब."

"मग पुढच्या वर्षी खर्चही त्यांच्याकडूनच घ्या."

मला ओरडावेसे वाटले. पण खुर्चीला तोंड कुठले? पाय तेवढे चार, तेही जमिनीला ठोकलेले. व्यवस्थापकाचे बूट जवळ येऊ लागले, तशी तिची बोटे माझ्या मखमलीत रुतत गेली. तिनेही सगळे ऐकले होते.

"ताई, जरा सरकता का? कॅमेऱ्याची अडचण होतेय." 'जरा सरकता का', हेच ते तीन शब्द!

"कोणासाठी?" लेकीने विचारले.

व्यवस्थापकाने नुसते आतल्या खुर्च्यांकडे बोट दाखवले. आई मात्र घाबरली. नाही म्हटले तर उरलीसुरली दारेही बंद होतील, या धास्तीने तिने लेकीचा हात दाबला आणि दोघी आत सरकल्या. जाहिरातीतली मुलगी हसत माझ्यावर येऊन बसली. थोड्या वेळाने तिचेच नाव पुकारले गेले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, त्या आईनेसुद्धा. लेकीने नाही वाजवल्या.

आता माझी मखमल विरली आहे. या वर्षी कंपनी नवी, म्हणून खुर्च्याही तिच्या रंगाच्या आल्या आहेत. सकाळी व्यवस्थापक माझ्याकडे बोट दाखवून कामगारांना म्हणाला, "हिला जरा सरकवा." पान्याची करकर शेजारच्या खुर्चीपर्यंत आली आहे. मला फार भीती वाटते आहे.

मित्रांनो, माझे बोल्ट निघण्याआधी एवढेच मागते. तुमच्यादेखत कोणाला सरकायला सांगितले, तर त्या लेकीसारखे विचारा, "कोणासाठी?" आणि उत्तर मिळेपर्यंत जागचे हलू नका.