चौकटीची डावी बाही

"आत्ता तुम्हीच वाजवलंत ना?" बाईंनी दारात येऊन विचारलं.

मी आतल्या खोलीच्या चौकटीपाशी गुडघ्यांवर बसलो होतो. पेन्सिलीचं एक टोक दातांत होतं आणि दुसरं लाकडाला टेकवलेलं. पासष्टीच्या सुताराला असं पेन्सिल चघळत बसलेलं बघून दुसरं कोणीही हसलं असतं. बाई हसल्या नाहीत. त्यांचे हात ओले होते आणि डोळे माझ्या उत्तराकडे लागले होते.

"हो, मीच," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा पडला. मान डोलावून त्या पुन्हा स्वयंपाकघरात गेल्या. मी खोटं बोललो होतो. निम्मं खोटं, पण खोटंच.

आता हे नीट सांगायचं तर जरा मागे जावं लागेल. चाळीस वर्षं मी घरोघरच्या चौकटी दुरुस्त करत आलो. टेबल, कपाट, पलंग करणारे ढिगानं मिळतात. कुजलेली चौकट भिंत न फोडता बरी करणारा आमच्या भागात मी एकटाच. माझी पद्धत ठरलेली. बोटाच्या पेरानं खाली, मध्ये आणि वर टकटक करायची आणि ऐकायचं. धड लाकूड भरीव वाजतं, आतून खाल्लेलं पोकळ. वरून रंग कितीही तुकतुकीत असू दे. यावरून लोकांनी माझं नाव 'टकटक मिस्त्री' ठेवलं, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं.

दोन वर्षांपूर्वी माझे कान गेले. डॉक्टर म्हणाले, आतलं एक बारीक हाड आखडलंय. तांदळाच्या दाण्याएवढं हाड, आणि माझा सगळा धंदा त्याच्यावर. मी कोणाला सांगितलं नाही. फक्त बायकोला माहीत होतं. ती समोर येऊन बोलायची. भांडायचं असलं तरी आधी समोर येऊन उभी राहायची. गिऱ्हाइकांचे ओठ वाचायला मी शिकलो, पण लाकडाला कुठले ओठ? मागच्या वर्षी एका न्हाणीघराची चौकट मी नुसत्या अंदाजानं 'ठणठणीत आहे' म्हणून सांगितली आणि आठ दिवसांत ती दारासकट खाली आली. नशीब, आत कोणी नव्हतं. लाकूडच हलकं होतं म्हणून वेळ मारून नेली, पण त्या दिवशी घरी येऊन मला घास गिळवला नाही.

मग एकदा काम करताना दातांत धरलेल्या पेन्सिलीचं टोक लाकडाला लागलं, आणि माझी टकटक थेट डोक्यात वाजली. कान बंद होते, पण कवटी अजून कामावर होती. तेव्हापासून कोणी बघत नसलं की मी असं ऐकायचो.

बाईंच्या घरीही तेच केलं. खाली, मध्ये, वर. चौकटीची डावी बाही, म्हणजे त्या बाजूचं उभं लाकूड, बुडाशी वीतभर वाळवीनं खाल्लेलं होतं. वरचं उत्तम. मी हात खाली घेतला. पेन्सिल दातांतच होती. आणि लाकडात पुन्हा तीनदा टकटक झाली.

मी हाताकडे बघितलं. हात मांडीवर होता.

खोलीत कोणी नव्हतं. गादी काढलेला एक पलंग चौकटीला लागून होता, खिडकी बंद होती, फरशीवर दुपारचं ऊन पडलं होतं. वाळवीचा आवाज मी ओळखतो. कागदावर वाळू सांडल्यासारखा असतो, त्याला ताल नसतो. ही टकटक सावकाश होती. पडून असलेल्या माणसाचा हात उचलून उचलून यावा तशी. तेवढ्यात बाई दारात आल्या होत्या.

त्या तशा का आल्या ते मला ठाऊक होतं. सकाळीच त्यांच्या मुलीनं मला अंगणात गाठून सगळं सांगितलं होतं. ताई लांब राहायच्या, आठ दिवसांसाठी आल्या होत्या. बाईंचे यजमान त्या खोलीत दोन वर्षं अंथरुणाला खिळून होते. शेवटी वाचाही गेली. मग पलंगावरून हात लांबवून ते चौकट वाजवायचे. तीनदा वाजवलं की 'ये'. बाई असतील तिथून दोनदा वाजवायच्या, म्हणजे 'आले'. ते जाऊन वर्ष झालं होतं, पण चौकट अजून वाजते असं बाईंचं म्हणणं होतं. रोज चारच्या सुमाराला, त्यांच्या औषधाच्या वेळेला.

"लाकडात काही असेल तर ते काढून टाका, काका," ताई म्हणाल्या होत्या. "आवाज थांबला तर प्रश्न मिटला. नाही थांबला, तर ते आईच्या डोक्यात आहे. मग मी तिला इथं एकटीला ठेवणार नाही. माझ्याकडे घेऊन जाणार." बोलताना त्यांचे डोळे भरून आले होते. आईला घरातून उपटायची त्यांना हौस नव्हती, हे मला दिसत होतं.

म्हणून मी वाळवी काढली, आणि जीव लावून काढली. बाहीचं बूड कापलं, औषध मारलं, जुन्या सागवानाचा तुकडा सांध्यात असा बसवला की नख अडकू नये. दोन दिवस गेले. बाई अधूनमधून येऊन उभ्या राहायच्या. वरचं लाकूड कापणार नाही ना, एवढं एकदाच विचारलं. नाही म्हटल्यावर त्यांनी सांध्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, छान जमलंय. चाळीस वर्षांत सांध्यावरून हात फिरवणारं गिऱ्हाईक मला दुसरं भेटलं नाही.

तिसऱ्या दिवशी शेवटचं पॉलिश राहिलं होतं. बाई स्वयंपाकघरात भाजी निवडत होत्या, ताई पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या घालत होत्या. मी जिथं बसलो होतो तिथून दोघी दिसत होत्या. ताईंची पाठ माझ्याकडे होती. सांधा भरीव वाजतो का ते बघावं म्हणून मी पेन्सिल लावली. अजून हात उचलला नव्हता.

टक. टक. टक.

त्याच क्षणी बाई उठल्या. पदराला हात पुसले, स्वयंपाकघराच्या भिंतीवर बोटानं दोनदा वाजवलं आणि चालत आल्या. दारात आल्यावर माझ्याकडे बघितलं, माझ्या दातांतल्या पेन्सिलीकडे बघितलं. माझे दोन्ही हात मांडीवर होते आणि ते त्यांनी पाहिलं.

ताई घडी तशीच टाकून उठल्या. आईकडे बघून काहीतरी म्हणाल्या, ओठांवरून 'परत?' एवढंच कळलं. मग माझ्यासमोर आल्या.

"काका, मी इथं दोन हातांवर आहे. मला काही ऐकू आलं नाही. तुम्ही तर चौकटीलाच लागून बसलाय. आला का आवाज?"

नाही म्हणणं सोपं होतं. नाही म्हटलं असतं तर पॉलिश संपवून मी संध्याकाळी घरी गेलो असतो, आणि उद्या दुसऱ्या घरी. बाई माझ्याकडे बघत होत्या. त्या काही मागत नव्हत्या, तेच मला सहन झालं नाही.

"आला," मी म्हणालो. "तीनदा. परवाही आला होता. परवा मी बाईंशी खोटं बोललो, ती टकटक माझी नव्हती."

ताईंनी विचारलं, मग मला कसा नाही आला? तेव्हा मी पेन्सिल पुढे धरली आणि सगळं सांगितलं. कान, हाड, न्हाणीघराची चौकट, सगळं. दोन वर्षं दाबून ठेवलेलं पाच मिनिटांत संपलं.

ताई ओरडल्या नाहीत. उलट त्यांनी लहान मुलाशी बोलतात तसं तोंड मोठं करून विचारलं, "म्हणजे काका, तुम्हाला ऐकू येत नाही?" आणि आईच्या खांद्यावर हात ठेवला. मला समजलं. बहिऱ्या माणसाची साक्ष कोण धरणार? मी त्यांच्या जागी असतो तर मीही धरली नसती.

पण बाई रडत होत्या, आणि त्या रडण्यात हसू होतं. "वर्षभर वाटत होतं, मलाच खूळ लागलंय," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी ताईंच्या म्हणण्याप्रमाणे त्यांनी सामान बांधायला सुरुवात केली. भांडल्या नाहीत.

जाताना त्यांनी एकच हट्ट केला. ती बाही काढून मला द्यायची. बरोबर नेऊ का म्हणून त्यांनी लेकीला विचारलं होतं, लेक म्हणाली, आई, पुरे आता. मी स्वतःच घातलेला सांधा स्वतःच उकलला. बाई दारापर्यंत आल्या, माझ्या अगदी समोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मिस्त्री, त्यांनी बोलावलं आणि कोणी ओ दिली नाही तर ते घाबरतात हो. तेवढं बघाल?"

बघतो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

गोष्ट पसरायला वेळ लागत नाही. टकटक मिस्त्रीला ऐकू येत नाही, हे महिन्याभरात सगळ्यांना कळलं, आणि लोकांनी बोलावणं बंद केलं. मी त्यांना दोष देत नाही. चौकट डोक्यावर पडावी असं कोणाला वाटेल? हत्यारं पुसून पेटीत ठेवली. ती बाही घराच्या मागच्या खोलीत भिंतीला टेकवून उभी केली. बायको म्हणाली, घरात लाकडं कमी होती म्हणून हे ध्यान आणलंत. तिला मी सगळं सांगितलं, आणि दुसऱ्या दिवसापासून ती पावणेचारला चहा देऊन तिथून बाजूला व्हायला लागली.

चार वाजता मी पेन्सिल लावायचो. तीनदा यायचं. मी पेरानं दोनदा वाजवायचो. सुरुवातीला अंगावर काटा यायचा. त्या खोलीत कधीकधी औषधाचा वास यायचा, तोही एकट्या मलाच. नंतर सवय झाली, आणि मग तर मी वाट बघायला लागलो. दिवसभरात ऐकू येणारी तेवढी एकच गोष्ट उरली होती. पण खोटी ओ देतोय असं वाटून लाज वाटायची. आले म्हणायचं, आणि येणारं कोणी नाही.

असे सात महिने गेले.

मग एका मंगळवारी चारला तीनदा टकटक झाली आणि मी हात उचलला. माझं पेर लाकडाला लागायच्या आत, आतूनच, दोनदा वाजलं. हलक्या हातानं. हा हात वेगळा होता. मी तसाच बसून राहिलो. पुढे काहीच नाही. बुधवारी चारला काही नाही, गुरुवारी नाही. मी बाहीला पालथ्या हातानं वाजवून बघितलं. धड सागवान, भरीव, बाकी काही नाही.

पंधरा दिवसांनी ताई आल्या. बायकोनं त्यांना मागच्या खोलीत आणून माझ्यासमोर बसवलं. त्या सांगायला लागल्या, आई गेली.

"मंगळवारी," मी म्हणालो. "चार वाजता."

त्यांनी इथं कोणाला कळवलं नव्हतं. त्यांनी आधी भिंतीशी उभ्या बाहीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "आदल्या रात्री ती म्हणाली, टकटक मिस्त्रींना सांग, आता ओ द्यायची तसदी घेऊ नका. मला अर्थच लागला नाही. पण सांगायला हवं म्हणून आले."

त्या उठून बाहीपाशी गेल्या. बापाच्या हाताच्या उंचीवर लाकूड गुळगुळीत झालं होतं, तिथं त्यांनी बोटं ठेवली. मग माझ्याकडे वळल्या, मला दिसेल असं, आणि विचारलं, "कसं ऐकायचं?"

मी कानामागची पेन्सिल काढली, सदऱ्याला पुसली आणि त्यांच्या हातात दिली. आता तिथं काही नाही, हे त्यांना सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. त्यांनी ती दातांत धरून टोक लाकडाला लावलं, आणि बोटानं तीनदा वाजवलं.

मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. बहिरा असलो म्हणून काय झालं, कोणाचं घरातलं बोलणं चालू असताना तिथं बघत उभं राहू नये.